निळ्या बाटलीतलं हात धुण्याचं औषध

माझी धाकटी बहीण मद्रासहून एम.एस्सी. होऊन परत आली त्या दिवशी आईनं सुंठीचं सार केलं होतं, तिला आवडतं म्हणून. मलाही ते आवडतं. पण मी गावातच दिलेली, कॉलेज सुटलं की रोज माहेरी डोकावणारी. माझ्यासाठी मुद्दाम सार करावं असं आईला कधी वाटलं नाही. मी दोन वाट्या प्यायले आणि चांगलं झालंय म्हटलं. आई म्हणाली, "तिस अजून वाढ गे. हॉस्टेलात काय खाल्लं असेल कोण जाणे."

खरं तर रसायनशास्त्र आमच्या घरात मी आणलं. बी.एस्सी.ला मी कॉलेजात पहिली आले होते. पुढं मद्रासला जागाही मिळाली होती. पण तेव्हा आजोबा अंथरुणाला खिळलेले, आणि मुलीला परगावी हॉस्टेलात ठेवायचं हे अप्पांना मानवेना. मग लग्न झालं, मुलगा झाला. तो रांगायला लागल्यावर मी पोस्टानं धडे मागवून एम.एस्सी. केलं आणि गावातल्याच मुलींच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. ब्युरेट भरणं, मुलींच्या हातातल्या परीक्षानळ्या फुटण्याआधी धरणं, हे माझं काम.

बहिणीची वेळ आली तोवर सगळं पालटलं होतं. गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ झाला होता, शेजारी केबल आली होती, मुली चुडीदार घालून सायकलवरून जात होत्या. तेच अप्पा स्वतः तिला मद्रासला सोडायला गेले. परत आले तेव्हा हॉस्टेलचं जेवण, तिथली लायब्ररी, तिथली वॉर्डनबाई, सगळ्याचं कौतुक सांगत होते. मी कॉफीचा पेला आणि त्याखालचा डबरा त्यांच्या हातात दिला आणि घरी गेले. त्यांच्या ध्यानात काही आलं असेल असं वाटत नाही.

कित्येक पिढ्यांमागं तमिळ मुलखात येऊन राहिलेले आम्ही, घरात अजून आमची मराठी बोलतो. पुण्याकडचे पाहुणे ती ऐकून हसतात. त्यांना वाटतं आम्ही फार जुन्या काळातून बोलतोय आणि मध्येच तमिळमध्ये शिरतोय. लिपी मात्र आता फार थोड्यांना येते. अप्पांनी मला पाटीवर देवनागरी गिरवायला लावली. बहिणीच्या वेळेस त्यांचा हुरूप ओसरला होता. म्हणून हे जे मी लिहिते आहे ते तिला वाचता येणार नाही. या एका बाबतीत मी तिच्या पुढं आहे, आणि लिपी शिकवते असं मी तिला कधी म्हटलेलं नाही.

वल्लमच्या रस्त्यावर तेव्हा एक खासगी प्रयोगशाळा नवीनच निघाली होती. मालक पूर्वी औषधं बनवायचे. आता ते दुसऱ्यांची औषधं, तेलं, लोणची, काय येईल ते तपासून द्यायचे. त्यांनी गॅस क्रोमॅटोग्राफ घेतला होता. आमच्या भागात असलं यंत्र कुणाकडं असल्याचं ऐकिवात नव्हतं. ते चालवायला माणूस हवा होता. बहिणीनं मद्रासला त्याच विषयात शिक्षण घेतलेलं. तिला घेतलं.

पहिल्याच आठवड्यात ती मला यंत्र दाखवायला घेऊन गेली. खोलीला एसी होता. माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत साधा पंखासुद्धा नव्हता. बहिणीनं पांढरा कोट घातला, केस मागे बांधले, आणि केसाहून बारीक सुईच्या सिरिंजमध्ये जेमतेम दिसेल एवढा थेंब ओढून घेतला.

"हे आत टोचायचं अक्का. आत नळी तापलेली असते. थेंबाची वाफ होते आणि त्यात जे जे मिसळलंय ते एकेक करून बाहेर पडतं. हलकं आधी, जड मागून."

कागदावर पेन सरळ रेघ ओढत होतं. मग ते एकदम वर चढलं आणि खाली आलं. थोड्या वेळानं परत चढलं.

"दोन शिखरं, म्हणजे दोन पदार्थ," ती म्हणाली. "टोचून बघतेस?"

"नको. बिघडेल काहीतरी."

मला टोचून बघायचं होतं. इतकं की बोटं शिवशिवत होती. पण माझा हात हलला असता तर तिनं समजून घेतलं असतं, आणि तिनं समजून घेतलेलं मला नको होतं. पिपेट ओठांत कशी धरायची, द्रव कुठवर ओढायचा, हे तिला मी शिकवलं होतं, आमच्या मागच्या अंगणात, साखरेचं पाणी घेऊन.

त्या उन्हाळ्यात कावेरी अगदी आटली होती. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही पहाटे. माझ्या मुलाचा जन्म ज्यांच्या हातून झाला त्या डॉक्टरअम्मांचं छोटंसं प्रसूतिगृह आमच्या घरापासून जवळच होतं. तिथं एक विक्रेता नवी वस्तू घेऊन आला. निळ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत घट्टसर, लिंबाच्या वासाचं औषध. पाण्याशिवाय हात धुवायचे. तळहातावर घ्या, चोळा, उडून जातं, जंतू मरतात. पाणी नाही अशा दिवसांत डॉक्टरअम्मांना ते देवानं पाठवल्यासारखं वाटलं. प्रत्येक खाटेजवळ एक बाटली टांगली गेली. बाळंतिणीला भेटायला येणारे पाहुणेसुद्धा गंमत म्हणून हाताला लावून बघायचे.

महिन्याभरानं डॉक्टरअम्मांनी मला बोलावून घेतलं. तिथं पापनाशमची एक नर्स होती, रोज सकाळच्या रेल्वेनं येणारी. बाळंतखोलीत तिची सर्वात जास्त ड्यूटी. ती खोली बंद, नवा एसी बसवलेला. त्या नर्सचं डोकं सतत दुखायचं, मळमळायचं, आणि आता दुपारनंतर तिला समोरचं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसायला लागलं होतं.

"तपासण्या केल्या, काही निघालं नाही," डॉक्टरअम्मा म्हणाल्या. "ती रविवारी घरी असली की बरी असते. मग मी विचार केला, इथं नवीन असं काय आलंय?" त्यांनी निळी बाटली माझ्यापुढं ठेवली. "तू केमिस्ट्रीची ना? बघ बरं यात काय आहे."

मी ती बाटली पदराखाली धरून घरी आणली. कुणीतरी काहीतरी मला विचारलं होतं. त्या दिवशी माहेरी गेले तेव्हा मी बाटलीबद्दल बोलले नाही. हे माझं काम होतं.

दुसऱ्या दिवशी मुली गेल्यावर कॉलेजात मी ते तपासलं. काडी लावली तर निळसर ज्योत. आयोडिन आणि कॉस्टिक सोडा घालून गरम केलं तर पिवळी भुकटी खाली बसली आणि इस्पितळाचा तो ओळखीचा वास आला. म्हणजे इथेनॉल आहे, लेबलवर लिहिलंय तसंच. मी डॉक्टरअम्मांना जाऊन सांगितलं, "अल्कोहोल आहे. बरोबर आहे."

त्यांनी मान डोलावली, पण चेहऱ्यावरची काळजी गेली नाही. म्हणाल्या, "बरं केलंस. तरी एक बाटली तुझ्या बहिणीकडंही पाठवली आहे. त्यांच्याकडं ते यंत्र आहे म्हणे."

मी हसून म्हटलं, "हो, आहे ना." तिथून घरी जायचा रस्ता एवढा छोटा, पण मला तो संपता संपेना. मला विचारून माझं उत्तर घेतलं होतं आणि ते पुरलं नव्हतं. आणि पुरवणी द्यायला, गावात एवढी माणसं असताना, माझीच बहीण.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघी आईकडं होतो. बहीण हात धुऊन पाटावर बसली आणि म्हणाली, "अक्का, डॉक्टरअम्मांचं ते निळं औषध. त्यात इथेनॉलच्या आधी एक शिखर येतं. मोठं. मेथेनॉलच्या जागेवर."

मेथेनॉल म्हणजे लाकडापासून निघणारं अल्कोहोल. रंगाच्या, व्हार्निशच्या कारखान्यात वापरतात. स्वस्त असतं. पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. हाताला रोज दिवसभर चोळलं, बंद खोलीत त्याची वाफ ओढली, तर तेही हळूहळू अंगात भिनतं.

"मी तपासलं ते," मी म्हटलं. "इथेनॉल आहे."

"इथेनॉल आहेच की. दोन्ही आहेत. तुझ्या त्या परीक्षेत मेथेनॉल दिसत नाही ना." ती अगदी सहज बोलली, मीठ वाढ म्हणावं तसं. आणि ते बरोबर होतं. आयोडिनची ती परीक्षा मेथेनॉलला ओळखतच नाही. हे मी दरवर्षी मुलींना सांगते. त्या दिवशी माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं, कारण मला उत्तर लवकर घेऊन जायचं होतं.

आई म्हणाली, "बघ, मशीनमध्ये कसं सगळं दिसतं." अप्पा पेपरातून डोकं वर काढून धाकटीकडं बघत राहिले. तसं त्यांनी माझ्याकडं कधी बघितल्याचं मला आठवेना.

"यंत्र चुकूही शकतं," मी म्हटलं.

"चुकू शकतं की," बहीण म्हणाली आणि भातात सार कालवू लागली.

ते चुकलं असेल अशी मला आशा होती. म्हणजे मेथेनॉल नसावं, नर्सचे डोळे वाचावेत, हेही होतंच. पण त्याच्याही आधी, तिचं चुकावं हे होतं. सोमवारी मी कॉलेजच्या कपाटातून क्रोमोट्रॉपिक आम्लाची जुनी बाटली शोधून काढली. ही पद्धत जुनी आहे, हाताची आहे. आधी परमँगनेटनं मेथेनॉलचं फॉर्मल्डिहाइड करायचं, मग परमँगनेटचा रंग घालवायचा, मग हे आम्ल आणि वरून तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. मेथेनॉल असेल तर जांभळा रंग येतो. नसेल तर येत नाही.

औषध घट्ट होतं, म्हणजे त्यात ग्लिसरिन असणार, आणि ग्लिसरिनही या परीक्षेत घोटाळा करू शकतं. म्हणून मी आधी ते ऊर्ध्वपातनाला लावलं आणि उडून येणारं तेवढंच गोळा केलं. बाजारातून आणलेलं शुद्ध इथेनॉल दुसऱ्या नळीत घेतलं. तिसऱ्या नळीत नुसतं पाणी. तिन्ही नळ्या एकाच वेळी गरम पाण्यात ठेवल्या आणि स्टुलावर बसून बघत राहिले.

बिनरंगी राहा, मी मनात म्हणत होते.

पाण्याची नळी तशीच राहिली. शुद्ध इथेनॉलची जेमतेम पिवळट झाली. निळ्या बाटलीतल्या औषधाची नळी आधी गुलाबी, मग फिकी जांभळी, आणि मग पिकलेल्या जांभळासारखी गडद झाली, इतकी की खिडकीकडं धरली तरी पलीकडचं दिसेना. मी परत केलं. परत तेच. माझी बहीण बरोबर होती. आणि ते मी, माझ्या हातानं, माझ्या बेसिनपाशी उभं राहून सिद्ध केलं होतं.

बहिणीचा अहवाल मिळताच डॉक्टरअम्मांनी बाटल्या उतरवल्या आणि विक्रेत्याला कळवलं. माझ्या जांभळ्या नळीबद्दल मी कुणाजवळ बोलले नव्हते. तो कंपनीच्या एका माणसाला घेऊन आला. टाय लावलेला, शांत बोलणारा. डॉक्टरअम्मांनी आम्हा दोघींना बोलावलं होतं. बहीण सलवार-कमीजमध्ये, यंत्राचा कागद हातात. मी सुती साडीत, रिकाम्या हातानं.

त्या माणसानं कागद पाहिला. मग बहिणीला विचारलं, "मॅडम, हे शिखर मेथेनॉलच्या जागेवर आलं. पण त्याच जागेवर दुसरं काही येऊ शकत नाही का? आम्ही सुगंध घालतो, रंग घालतो. एका यंत्रावर, एका नळीवर, एक शिखर. यावरून तुम्ही खात्रीनं मेथेनॉल म्हणता?"

बहिणीनं कागद परत एकदा पाहिला. ती खोटं बोलत नाही, लहानपणापासून बोललेली नाही. "एवढ्यावरून पूर्ण खात्री नाही देता येत," ती म्हणाली. "दुसऱ्या प्रकारच्या नळीवर करून बघावं लागेल. ती आमच्याकडं अजून नाही."

तो माणूस मागे टेकून बसला. डॉक्टरअम्मांनी चष्मा काढला. बहिणीच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्यासारख्या. ती कधी नापास झालेलीच नव्हती. मला त्या क्षणी जे वाटलं त्यात गोडवा होता, तो मी नाकारत नाही. पण तो फार टिकला नाही, कारण समोर टाय लावलेला माणूस माझ्या बहिणीकडं बघून हसत होता, आणि ते मला अजिबात खपलं नाही.

"मी वेगळ्या रीतीनं केलंय," मी म्हटलं. "यंत्राशिवाय. रंगाच्या परीक्षेनं. ऊर्ध्वपातन करून, म्हणजे तुमचं ग्लिसरिन आणि निळा रंग मागे ठेवून. शुद्ध इथेनॉल शेजारी ठेवून केलंय. मेथेनॉलच आहे. तुम्हाला बघायचं असेल तर आत्ता कॉलेजात चला, तुमच्यासमोर करते."

तो आला नाही. म्हणाला, वरच्या लोकांना विचारून कळवतो.

"तू केलंस?" बाहेर आल्यावर बहिणीनं विचारलं. "कधी? मला काय म्हणून सांगितलं नाहीस?"

"तुझं चुकलंय का बघायला केलं होतं," मी म्हटलं.

तिनं स्कूटरची किल्ली काढली. मग म्हणाली, "बरं केलंस. नाहीतर आज माझी फजिती होती." आणि स्कूटरला किक मारली. मागे बस म्हणाली. मी चालत गेले.

पुढं सरकारी औषध निरीक्षकांनी दुकानांतून बाटल्या उचलल्या, त्यांच्या तपासणीतही तेच निघालं, आणि निळ्या बाटल्या गावातून गेल्या. कंपनीचं काय झालं ते आमच्यापर्यंत आलं नाही. नर्सला बरेच आठवडे घरी राहावं लागलं. दृष्टी परत आली, पण उजव्या डोळ्यानं बारीक अक्षर वाचायला तिला नंतरही त्रास व्हायचा.

तमिळ पेपरात बातमी आली. फोटोत माझी बहीण पांढऱ्या कोटात, यंत्रावर हात ठेवून. यंत्र फोटोत फार छान दिसतं. परीक्षानळीतला जांभळा रंग काळ्या-पांढऱ्या छपाईत दिसला नसताच. खाली बातमीदारानं मजकूर लिहिला होता, त्यात 'स्थानिक कॉलेजच्या एका शिक्षिकेनेही दुजोरा दिला' असं एक वाक्य होतं. आईनं ते कात्रण देवघराच्या दारावर लावलं. ओरत्तनाडूहून मामा आले, तिरुवैयारूहून आत्या आल्या, सगळ्यांना दाखवून झालं. "आणि ही एक शिक्षिका म्हणजे ही," असं आई माझ्याकडं बोट करून म्हणायची. न विसरता म्हणायची, हे मला कबूल करायला हवं. पण दरवेळेस दुसऱ्या नंबरावर.

एका सकाळी दार वाजलं. उघडलं तर ती पापनाशमची नर्स, डोळ्यांना काळा चष्मा, खांद्यावर केळ्यांचा अख्खा घड. त्यांच्या शेतातला. मी तिला आत घेतलं, कॉफी दिली. ती घराकडं, माझ्या मुलाकडं बघून हसत होती. मलाही बरं वाटत होतं. मग ती म्हणाली, "तुमच्या धाकट्या बहिणीचं घर मला ठाऊक नाही. हे तिला द्याल का? तिनं माझे डोळे वाचवले."

"देते," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी त्या घडाकडं बघत बसले. मग दोन केळी तोडून खाल्ली, एक उभ्यानं, एक बसून. गोड होती. उरलेला घड रिक्षात घालून माहेरी नेऊन दिला आणि बहिणीला म्हटलं, "तुझ्या नर्सनं दिलाय."

वर्षभरानं बहिणीला सिंगापूरला नोकरी लागली. जाण्याआधी तिनं मालकांना सांगितलं की माझ्या जागी अक्काला घ्या. मालक घरी आले तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. कुणी वापरून ठेवलेली खुर्ची मला नको होती. नवऱ्यानं काही समजावलं नाही. फक्त विचारलं, "यंत्र तुला चालवायचं आहे की नाही?" मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग जाऊन रुजू झाले.

जायच्या आधीचे आठवडे तिनं मला शिकवलं. माझ्या मागे उभी राहून. "सुई तिरकी जातेय अक्का. सरळ. आणि टोचलीस की लगेच ओढ, थांबू नकोस." मी चाळिशीकडं झुकलेली, ती अजून तिशीही न गाठलेली. माझी सुई वाकायची. तिची कधी वाकली नव्हती. काही दिवस मी घरी येऊन भांडी आपटायचे. एका दुपारी तिनं दोन अल्कोहोलचं मिश्रण मला दिलं आणि खोलीबाहेर निघून गेली. मी टोचलं, पेन वर चढलं, उतरलं, परत चढलं. दोन्ही शिखरं अरुंद, टोकदार, एकमेकांपासून नीट सुटी. ती आत आली, कागद बघितला आणि म्हणाली, "माझ्याहून चांगली आलीत." मी कागद परत बघितला. खरंच आली होती. ती मन राखायला बोलत नव्हती, आणि त्यानं मला फार बरं वाटलं. ती गेल्यावर मी त्या खोलीत सोळा वर्षं काम केलं.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. त्यांच्याकडं नवीन यंत्र आलंय. ते शिखराची जागा सांगून थांबत नाही, रेणूचे तुकडे करून तो नेमका कोणता तेही सांगतं. ती त्याबद्दल अर्धा तास बोलत होती. मी अधूनमधून हं, हं म्हणत होते आणि तिच्या यंत्रात काय खोट निघेल ते मनात शोधत होते. या वयातही.

"येतेस का बघायला?" तिनं विचारलं. "तुझ्या हातात देते. मला अजून नीट जमत नाही ते."

"बघू," मी म्हटलं. "इकडं खूप कामं आहेत."

फोन ठेवला. मग दक्षिणवीथीतल्या स्टुडिओत जाऊन पासपोर्टसाठी फोटो काढून घेतला.